आवडती फिल्म की सर्वोत्तम फिल्म : निवड करण्याची पायरीवार रीत

फिल्म निवडताना बहुतेक जण दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारतात आणि दोहोंना एकच उत्तर मिळेल अशी अपेक्षा धरतात. पहिला प्रश्न मोजमापाचा आहे: कोणत्या फिल्मचा ग्रेन (चित्रात दिसणारे कण) बारीक आहे, कोणती अधिक तपशील टिपते, कोणती मंद प्रकाशात टिकते. त्याचे उत्तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात बऱ्याच अंशी सापडते. दुसरा प्रश्न असा की, आपल्या कॅमेऱ्यातून, आपल्या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) धुऊन, आपण नेहमी काढतो त्या आकाराच्या प्रिंटवर कोणत्या फिल्मचे चित्र आपल्याला पाहत राहावेसे वाटते. हे उत्तर छापील मिळत नाही, ते चाचणीनेच मिळते. चाचणीचा क्रम चुकला तर हाती आलेले उत्तर फिल्मविषयीचे नसतेच. ते स्कॅनरविषयीचे, डेव्हलपरच्या तापमानाविषयीचे किंवा त्या दिवशीच्या उन्हाविषयीचे असते.

नेहमी होते ते असे. एक रोल सहलीत, कोवळ्या उन्हात संपतो. दुसरा घरगुती समारंभात, ट्यूबलाइटखाली. दोन्ही वेगवेगळ्या लॅबमध्ये धुतले जातात, दोन्हींचे स्कॅन आपोआप ‘सुधारून’ येतात, आणि त्यांवरून एका फिल्मला चांगली आणि दुसरीला वाईट ठरवले जाते. ही गल्लत टाळण्यासाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत. उदाहरणासाठी ३५ मिमी कृष्णधवल फिल्ममधील एक जोडी घेतली आहे, कोडॅकची ट्राय-एक्स ४०० आणि कोडॅकचीच टी-मॅक्स ४००. एकच उत्पादक, एकच छापील संवेदनशीलता (प्रकाश टिपण्याचा वेग, येथे ४००), पण स्वभाव अगदी भिन्न असल्यामुळे ‘सर्वोत्तम’ आणि ‘आवडती’ यांतील फरक या जोडीत फार स्पष्ट दिसतो.

तयारी : सुरू करण्यापूर्वी काय जमवावे

दोन्ही फिल्मचे प्रत्येकी किमान तीन रोल घ्यावेत, आणि एका फिल्मचे तिन्ही रोल एकाच बॅचचे असावेत. बॅच क्रमांक खोक्यावर मुदतीच्या तारखेजवळ छापलेला असतो. एक कॅमेरा, एकच स्थिर फोकल लांबीचे लेन्स (५० मिमी सोयीचे पडते), ट्रायपॉड, ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी छटेचा पुठ्ठा), अर्धा अंश सेल्सिअसपर्यंत वाचता येईल असा थर्मामीटर, ताजा डेव्हलपर, ताजा फिक्सर (उमटलेले चित्र पक्के करणारे रसायन) आणि नोंदवही एवढे साहित्य पुरते. डेव्हलपर म्हणून डी-७६ किंवा त्याच्या बरोबरीचा आयडी-११ घ्यावा. तो सगळीकडे मापदंड म्हणून वापरला जातो आणि दोन्ही स्वभावांच्या फिल्मना न्याय देतो. चाचणीसाठी रोडिनल हा डेव्हलपर टाळावा, कारण तो ग्रेन ठळक करतो आणि त्यामुळे ट्राय-एक्सविषयीचे मत फिल्ममुळे बनले की डेव्हलपरमुळे, हे कळेनासे होते.

फ्रीजमधून काढलेला रोल डबी न उघडता तासभर, आणि फ्रीझरमधून काढलेला त्याहून अधिक वेळ, खोलीत ठेवावा. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात हा नियम मोडला तर थंड फिल्मवर बाष्प बसते, त्याचे डाग निगेटिव्हवर उमटतात आणि त्यांवर काही उपाय चालत नाही.

पायरी १ : गरज आधी लिहून काढा

फिल्मचे नाव मनात आणण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात: अंतिम चित्र कोणत्या आकारात पाहिले जाणार, बहुतेक छायाचित्रे कोणत्या प्रकाशात घेतली जाणार, आणि कॅमेरा हातात असणार की ट्रायपॉडवर. ३५ मिमीची चौकट २४ × ३६ मिमी असते. तिच्यावरून ८ × १२ इंचांचा प्रिंट काढताना सुमारे साडेआठ पट वाढ होते आणि १६ × २४ इंचांचा काढताना सुमारे १७ पट. ग्रेनचा प्रश्न या वाढीत दडलेला आहे. जो माणूस ५ × ७ इंचांपलीकडे कधी जात नाही, त्याने बारीक ग्रेनसाठी आवडत्या फिल्मचा बळी देण्याचे कारण नाही.

हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि नेमके तेच वगळले जाते.

पायरी २ : माहितीपत्रक बाद करण्यासाठी वाचा, निवडण्यासाठी नव्हे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचे सांगणे हेच आहे. माहितीपत्रकातील आकडे आपल्या कामाला अपुरी पडणारी फिल्म कोणती एवढे निश्चितपणे सांगतात. उरलेल्यांपैकी कोणती घ्यावी, याविषयी ते काही सांगत नाहीत.

ग्रेनसाठी आरएमएस ग्रॅन्युलॅरिटी (ग्रेनच्या खरखरीतपणाचे माप) पाहावी. ट्राय-एक्स ४०० चा आकडा १७ आणि टी-मॅक्स ४०० चा १० आहे. आकडा जितका लहान तितका ग्रेन बारीक. टी-मॅक्स १०० चा आकडा ८ आहे. म्हणजे ४०० ची टी-मॅक्स स्वतःच्याच १०० संवेदनशीलतेच्या भावंडाच्या फार मागे नाही, तर ट्राय-एक्स मात्र उघडपणे खरखरीत आहे. याचे कारण स्फटिकांच्या आकारात आहे. टी-मॅक्समधील सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक चपटे असतात, त्यामुळे थोड्या चांदीत प्रकाश झेलणारे क्षेत्रफळ मोठे मिळते. ट्राय-एक्स जुन्या पद्धतीच्या जाड स्फटिकांची फिल्म आहे.

तपशील टिपण्याची क्षमता वाचताना कोणत्या कॉन्ट्रास्टवरचा आकडा आहे हे आधी पाहावे. टी-मॅक्स १०० साठी १०००:१ इतक्या कॉन्ट्रास्टच्या लक्ष्यावर मिलिमीटरमागे २०० रेषा दिल्या आहेत, पण १.६:१ या मंद कॉन्ट्रास्टवर तीच फिल्म ६३ रेषांवर येते. जाहिरातींत पहिला आकडा मिरवला जातो. ढगाळ दिवशीच्या भिंतीचा पोत किंवा सावलीतला चेहरा मात्र दुसऱ्या आकड्याच्या जवळ असतो. त्यात १/३० सेकंदाला हातात धरलेल्या कॅमेऱ्याची थरथर मिळवली, तर फिल्मची क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी आपलीच मर्यादा येते.

दीर्घ एक्स्पोजरला फिल्म मीटरपेक्षा किती जादा वेळ मागते हे सांगणारा तक्ता वगळू नये, कारण येथे फिल्म खरोखर बाद होऊ शकते. इलफर्डच्या एचपी५ प्लससाठी उत्पादकाचे सूत्र असे आहे की, मीटरने दाखवलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यावा. त्यानुसार मीटरचे १० सेकंद प्रत्यक्षात २० होतात, ३० सेकंद सुमारे ८६ होतात आणि एका मिनिटाचे साडेतीन मिनिटांहून अधिक होतात. फुजीच्या अॅक्रॉस फिल्मला मात्र १२० सेकंदांपर्यंत कोणतीही दुरुस्ती लागत नाही. रात्रीच्या समुद्राची किंवा चांदण्यातल्या गडाची छायाचित्रे हेच ज्याचे मुख्य काम आहे, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक आहे. जो रात्री ट्रायपॉड उघडतच नाही, त्याने या स्तंभाकडे पाहून प्रभावित होऊ नये.

शेवटी संवेदनशीलता. खोक्यावरचा आकडा आणि खरी संवेदनशीलता एकच असते असे नाही. इलफर्डची डेल्टा ३२०० प्रत्यक्षात सुमारे १००० आयएसओची फिल्म आहे. ३२०० हा आकडा पुश करून, म्हणजे अधिक वेळ, धुण्याच्या हिशेबाने दिलेला आहे. फोमापॅन ४०० देखील अनेक डेव्हलपरमध्ये ४०० पर्यंत पोहोचत नाही.

*सावधान :* आरएमएस आणि कोडॅकच्या रंगीत निगेटिव्हसाठी दिलेला प्रिंट ग्रेन इंडेक्स ही दोन वेगळी मापे आहेत. त्यांची आपसांत तुलना करू नये.

पायरी ३ : दोनच उमेदवार ठेवा

बाद होण्याची चाळणी संपल्यावर दोन फिल्म निवडाव्यात: उरलेल्यांत मोजमापाने पुढे असणारी एक, आणि मनाला ओढ लावणारी एक. तीन किंवा चार घेतल्या तर चाचणी पुरी होत नाही. ओढीचे कारण सांगता आले पाहिजे अशी अट घालू नये. दुसऱ्याचे छायाचित्र पाहून ती निर्माण झाली असेल तरी चालेल. मात्र एक पथ्य पाळावे. ती फिल्म आपल्याला नियमित मिळू शकेल याची खात्री आधीच करावी, कारण वर्षातून एकदाच हाती येणारी फिल्म कितीही आवडली तरी तिच्यावर हात बसत नाही.

पायरी ४ : धुण्याची पद्धत गोठवा

संवेदनशीलता तपासण्यापूर्वी रोल धुण्याची पद्धत पक्की केली पाहिजे. हा क्रम उलटा केला तर पुढची सगळी मापे निरर्थक ठरतात.

कृष्णधवल फिल्मचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत बर्फ घालून ती मोठ्या टोपातल्या पाण्यात सोडावी आणि त्या टोपात डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण), फिक्सर यांच्या बाटल्या ठेवाव्यात. बर्फ थेट रसायनात टाकू नये, तो त्याला पातळ करतो. २० अंश टिकवणे शक्य होत नसेल तर २४ अंश निवडावे आणि उत्पादकाच्या तक्त्यातील २४ अंशांची वेळ वापरावी. कोणतेही एक तापमान वर्षभर टिकवणे हे अधूनमधून अचूक २० अंश गाठण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. रसायनांनंतर फिल्म धुवायचे साधे पाणीही डेव्हलपरच्या तापमानापासून फार दूर असू नये.

डी-७६ एकास एक पाणी घालून वापरावा आणि प्रत्येक रोलनंतर टाकून द्यावा. वेळ लांबल्यामुळे काही सेकंदांची चूक खपून जाते. पाच मिनिटांहून कमी वेळेत धुणे कोणत्याही तापमानाला टाळावेच. ट्राय-एक्स ४०० साठी या प्रमाणात २० अंशांना पावणेदहा मिनिटे ही कोडॅकने दिलेली सुरुवातीची वेळ आहे. टी-मॅक्ससाठी तिची स्वतःची वेळ तिच्या माहितीपत्रकातून घ्यावी, ट्राय-एक्सची वेळ लावू नये. टँक हलवण्याची एकच रीत ठरवावी. दर मिनिटाच्या आरंभी दहा सेकंदांत चार वेळा उलटसुलट करणे ही इलफर्डची रीत सोपी आहे. ती स्वीकारली तर दोन्ही फिल्मना तीच लावावी.

येथे दोन फिल्मच्या स्वभावातला पहिला खरा फरक हाताला लागतो. ट्राय-एक्स अर्धा अंश इकडेतिकडे झालेला सहन करते. टी-मॅक्स वेळ, तापमान आणि हलवणे या तिन्हींतला बदल चटकन दाखवते. ज्याला आपल्या स्वयंपाकघरात तापमान सांभाळता येत नाही, त्याच्या हातून टी-मॅक्सची ‘सर्वोत्तम’ गुणवत्ता बाहेरच येणार नाही. हा तांत्रिक निकष आहे, पण तो कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो.

*पडताळणी :* फिक्सरमध्ये फिल्मचा कापलेला तुकडा टाकून तो पारदर्शक होण्यास किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंगसाठी ठेवावा. टी-मॅक्सला हा वेळ अधिक लागतो आणि ती फिक्सर लवकर संपवते. धुतलेल्या टी-मॅक्सवर गडद गुलाबी छटा राहिली तर फिक्सिंग किंवा शेवटचे पाण्याने धुणे अपुरे झाले आहे. ते वाढवावे, फिल्मला दोष देऊ नये.

पायरी ५ : आपली स्वतःची संवेदनशीलता शोधा

ही पायरी वगळल्यामुळे जेवढ्या फिल्म अन्यायाने नाकारल्या जातात, तेवढ्या दुसऱ्या कोणत्याही चुकीमुळे नाकारल्या जात नसाव्यात. कमी एक्स्पोज झालेली ट्राय-एक्स राखाडी आणि चिखलट दिसते, आणि मग फिल्मच जुनाट असल्याचा निष्कर्ष काढला जातो.

मोकळ्या सावलीतील एकरंगी, सपाट भिंत घ्यावी. चौकट तिनेच भरावी आणि लेन्स अनंतावर ठेवावे, म्हणजे भिंतीचा पोत उमटणार नाही. मीटर ४०० वर लावून वाचन घ्यावे. समजा ते १/१२५ आणि एफ/८ आले. त्यातून चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) कमी करावेत, म्हणजे १/५०० आणि एफ/१६. ही चौकट काळोखाच्या जेमतेम वर असणाऱ्या सावलीचे माप आहे. आता शटर १/५०० वरच ठेवून फक्त अॅपर्चर बदलत पुढील चौकटी घ्याव्यात: एफ/२२ म्हणजे ८०० ची चाचणी, एफ/१६ म्हणजे ४०० ची, एफ/१६ आणि एफ/११ यांच्या मध्ये म्हणजे सुमारे २८० ची, एफ/११ म्हणजे २०० ची, त्यापुढचा अर्धा स्टॉप म्हणजे १४० ची आणि एफ/८ म्हणजे १०० ची. मधे लेन्सवर झाकण ठेवून एक कोरी चौकट घ्यावी. भिंतीवरून ढग सरकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

उरलेला रोल कोरा सोडू नये, नेहमीच्या विषयांनी भरावा. कोऱ्या फिल्मवर डेव्हलपर कमी खर्च होतो, त्यामुळे निकाल नेहमीच्या रोलसारखा येत नाही.

रोल धुऊन वाळल्यावर एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र) आपल्या नेहमीच्या प्रिंटच्या उंचीवर लावावा, दोन नंबर ग्रेडचा (मध्यम कॉन्ट्रास्टचा) कागद घ्यावा आणि कोऱ्या चौकटीतून तीन-तीन सेकंदांच्या पट्ट्या पाडाव्यात. कागद वाळल्यानंतर, ओला असताना नव्हे, ज्या पट्टीपुढे काळा रंग अधिक गडद होत नाही ती पट्टी शोधावी. ती झाली मूळ वेळ. याच वेळेने सर्व चौकटी छापाव्यात. ८०० च्या बाजूने पाहत यावे. जी पहिली चौकट पूर्ण काळ्यापासून जराशी वेगळी, किंचित राखाडी दिसते, तिचा आकडा ही आपली संवेदनशीलता. डी-७६ मध्ये ती छापील आकड्याहून खाली, २८० च्या आसपास आली तर आश्चर्य मानू नये.

एन्लार्जर नसेल तर स्कॅनरने हेच करता येते, मात्र त्यातील आपोआप होणारी प्रत्येक दुरुस्ती बंद करून, एकच स्कॅनिंग एक्स्पोजर ठेवून सर्व चौकटी उतरवाव्यात आणि कोऱ्या चौकटीच्या आकड्याशी त्यांचे आकडे ताडून पाहावेत.

*सावधान :* हा आकडा फिल्मचा नाही. तो फिल्म, डेव्हलपर, मीटर आणि शटर या चौघांचा मिळून आहे. दुसऱ्याने सांगितलेला आकडा उसना घेऊ नये.

पायरी ६ : धुण्याची वेळ जुळवा

मिळालेल्या संवेदनशीलतेवर त्याच भिंतीची एक चौकट मीटरपेक्षा तीन स्टॉप अधिक देऊन घ्यावी आणि मूळ वेळेनेच छापावी. ती कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यापेक्षा किंचित खाली, जेमतेम छटा असलेली दिसली पाहिजे. ठार पांढरी आली तर धुण्याची वेळ कमी करावी, राखाडी आली तर वाढवावी. ट्राय-एक्ससाठी बदल १० ते १५ टक्क्यांचा करावा, टी-मॅक्ससाठी त्याच्या निम्मा. टी-मॅक्स ४०० चा आलेख वरपर्यंत सरळ चढत जातो, त्यामुळे जास्त धुतलेल्या रोलमधले पांढरे भाग इतके घट्ट होतात की छापताना त्यांतून तपशील काढणे कष्टाचे होते.

पायरी ७ : एकच विषय, दोन फिल्म

आता खरी तुलना. चार विषय पुरेत, पण ते एकमेकांपासून दूरचे असावेत. पहिला, मोकळ्या सावलीत पांढऱ्या कपड्यांतला सावळा माणूस. वारीत किंवा गावच्या जत्रेत पांढरे धोतर, टोपी आणि उन्हाने रापलेला चेहरा एकाच चौकटीत येतात. फिल्म दोन्ही टोके कशी सांभाळते हे येथे जितके दिसते तितके कोणत्याही चाचणी-तक्त्यावर दिसत नाही. दुसरा, भर दुपारच्या उन्हात दाट सावली पडलेली गल्ली किंवा वाड्याचा चौक. तिसरा, ढगाळ दिवशीचा पोत: ओला कातळ, शेवाळलेली भिंत. चौथा, दिव्याच्या उजेडातली खोली. प्रत्येक विषयाची पहिली चौकट ग्रे कार्डसह घ्यावी, त्यानंतर योग्य, एक स्टॉप जास्त आणि एक स्टॉप कमी अशा तीन.

त्याच माउंटची दुसरी कॅमेरा बॉडी उसनी मिळाली तर फार सोयीचे; दोन बॉडींत दोन रोल घालून, ट्रायपॉडवर एकच लेन्स आळीपाळीने दोन्हींवर चढवावे. जुन्या बॉडींच्या शटरमध्ये अर्ध्या स्टॉपचा फरक सहज असू शकतो, म्हणून पायरी ५ ज्या बॉडीवर केली तीच बॉडी त्या फिल्मसाठी ठेवावी. दुसरी बॉडी नसेल तर ट्रायपॉडच्या पायांच्या जागी खडूने खुणा करून, लागोपाठच्या दोन निरभ्र दिवशी त्याच वेळेला छायाचित्रे घ्यावीत. ढगाळ विषयासाठी मात्र ही सवलत नाही, कारण ढग दुसऱ्या दिवशी तेच राहत नाहीत. तेथे रोल अर्ध्यात गुंडाळून बदलावा.

आकाश असलेली चौकट घेतली तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. टी-मॅक्स निळ्या रंगाला इतर फिल्मपेक्षा थोडी कमी संवेदनशील असल्यामुळे फिल्टर न लावताही तिच्यात आकाश किंचित गडद येते. हा एक्स्पोजरचा दोष समजून पुढे दुरुस्त करू नये; दोन फिल्मचा खरा फरक अशाच ठिकाणी असतो.

पायरी ८ : प्रिंट एकाच मापाने काढा

दोन्ही निगेटिव्हचे प्रिंट एकाच ग्रेडच्या कागदावर, ग्रे कार्डची छटा सारखी येईल इतक्या वेळेने काढावेत. एवढे जुळवले की हात मागे घ्यावा. एखादा प्रिंट फिका वाटला म्हणून त्याची ग्रेड वाढवली, तर तुलना तेथेच संपली. आपण फिल्मचा स्वभाव पुसून टाकला. स्कॅन करणाऱ्यांकडून ही चूक नकळत होते, कारण आपोआप लेव्हल लावणारा प्रोग्राम प्रत्येक चौकटीचे काळे-पांढरे टोक ताणून सर्व फिल्म एकसारख्या करतो. लॅबला रोल दिला असेल तर दुरुस्ती न केलेले स्कॅन मागून घ्यावेत.

*सावधान :* स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून ग्रेन मोजत बसू नये. ज्या आकारात आणि ज्या अंतरावरून चित्र पाहिले जाणार, त्याच आकारात आणि अंतरावरून ते पारखावे.

पायरी ९ : नाव न पाहता निवडा

प्रिंटच्या मागे पेन्सिलने सांकेतिक अक्षर लिहावे आणि जोड्या दुसऱ्या कोणाला तरी लावायला सांगाव्यात. प्रत्येक जोडीपुढे ‘यातला कोणता भिंतीवर लावीन?’ हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. ‘यातली टी-मॅक्स कोणती?’ हा प्रश्न मनात आला की नजर चित्रावरून उठून ग्रेन शोधू लागते आणि निवड बिघडते. उत्तरे लिहून ठेवावीत, काही दिवस जाऊ द्यावेत, जोड्यांचा क्रम बदलून पुन्हा तेच करावे.

दोन्ही बैठकींतली उत्तरे जुळली नाहीत, तर आपल्याला या दोन फिल्ममध्ये आवडनिवड नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग स्वस्त आणि सहज मिळणारी फिल्म खुशाल घ्यावी. जुळली, तर आवडती फिल्म सापडली. सर्व विषयांत एकच फिल्म जिंकेल असे नाही. चेहऱ्यांसाठी ट्राय-एक्स आणि ओल्या कातळासाठी टी-मॅक्स असा निकाल पूर्णपणे शक्य आहे, आणि तो ओढूनताणून एका नावावर आणू नये.

पायरी १० : निर्णय

काही कामांत आवडीला जागा नाही. चित्रांची किंवा हस्तलिखितांची प्रत काढणे, ३५ मिमीवरून मोठे प्रिंट काढणे, चौकटीचा लहानसा भाग कापून वापरणे, मिनिटांचे एक्स्पोजर देणे, या ठिकाणी मोजमापाने पुढे असलेली फिल्मच घ्यावी, मग ती आवडो वा न आवडो. माणसे, रस्ता, घर, प्रवास यांच्या छायाचित्रांत, आवडती फिल्म दुसऱ्या पायरीत बाद झाली नसेल तर तीच घ्यावी, आणि १७ व १० या आकड्यांतल्या फरकाची चिंता करू नये. ट्राय-एक्सचा ग्रेन हा दोष असल्याचे मानूनही तो पुष्कळांना हवासा वाटतो. त्याने चेहऱ्याच्या मधल्या छटांना जो खडबडीतपणा येतो तो टी-मॅक्स देऊ शकत नाही, आणि टी-मॅक्सची स्वच्छता ट्राय-एक्सकडे मागणेही तितकेच व्यर्थ आहे.

रंगीत फिल्म असेल तर

रीत हीच, काही भेद सोडून. रंगीत निगेटिव्हची सी-४१ प्रक्रिया ३८ अंशांवर ठरलेली आहे, त्यामुळे पायरी ६ गळते. पण रंगाचा मोठा वाटा स्कॅनर आणि तो चालवणारा माणूस ठरवतो, म्हणून दोन्ही रोल एकाच लॅबला, एकाच दिवशी, एकाच सूचनेसह द्यावेत. कोडॅकची एक्टार १०० ग्रेनच्या मापाने पोर्ट्रा ४०० च्या पुढे आहे, पण कमी एक्स्पोज झाली की तिच्यात त्वचा लालसर होते आणि सावल्या निळ्या पडतात. माणसांसाठी पोर्ट्राच निवडली जाते ती यामुळे.

स्लाइड फिल्मला चुकीची मुभा फार थोडी असते; अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते, म्हणून तेथे एक स्टॉप जास्त-कमीऐवजी अर्ध्या स्टॉपच्या चौकटी घ्याव्यात. फुजीच्या प्रोव्हिया १०० एफ चा ग्रॅन्युलॅरिटीचा आकडा ८ आहे आणि वेल्व्हिया ५० चा ९. प्रोव्हिया दुप्पट संवेदनशील आहे आणि १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्ती मागत नाही, तर वेल्व्हियाला ४ सेकंदांपासूनच ती लागते. तक्त्याप्रमाणे प्रोव्हियाच पुढे असूनही निसर्गदृश्ये घेणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वेल्व्हिया निवडली, ती तिच्या गडद, भरलेल्या रंगांसाठी.

निवडीनंतर : साठा आणि फेरतपासणी

निवडलेल्या फिल्मचे रोल शक्य तितके एकाच बॅचचे घेऊन, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह फ्रीजमध्ये ठेवावेत. विमानप्रवासात रोल चेक-इनच्या सामानात कधीही देऊ नयेत, आणि विमानतळावर सीटी स्कॅनर असेल तर हाताने तपासण्याची विनंती करावी. घेतलेला रोल धुण्यास उशीर करू नये. इलफर्डची पॅन एफ प्लस यात विशेष नाजूक आहे, तिच्यावरची न धुतलेली प्रतिमा काही महिन्यांत फिकी पडू लागते.

डेव्हलपर बदलला, मीटर किंवा कॅमेरा दुरुस्त होऊन आला, किंवा उत्पादकाने फिल्मची नवी आवृत्ती काढली, तर पायरी ५ आणि ६ पुन्हा कराव्यात. पायरी ७ ते ९ पुन्हा करण्याची गरज तेव्हाच असते, जेव्हा पहिल्या पायरीत लिहिलेला कागद बदलतो: प्रिंटचा आकार वाढतो, ३५ मिमीवरून १२० वर (मोठ्या चौकटीच्या रोल फिल्मवर) जाणे होते, किंवा दिवसाची कामे सुटून रात्रीची सुरू होतात. १२० वर गेल्यास ८ × १२ इंचांच्या प्रिंटसाठी लागणारी वाढ निम्म्याच्या आसपास येते आणि ३५ मिमीवर ग्रेनमुळे बाद केलेली फिल्म तेथे पुन्हा उमेदवार ठरते. जुनी बाद केलेल्या फिल्मची यादी म्हणूनच वहीतून फाडू नये.